पाच कुंड्यांतली माती

मातीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. आमच्या सेंट एलिझाबेथ परगण्याच्या डोंगरात कुणाला गांजा लावायचा असला की आधी मिस आयसिल्डाला, म्हणजे मला, बोलावणं यायचं. मी मूठभर माती दाबायची, हुंगायची आणि सांगायचं, इथे लाव, तिथे नको. चाळीस वर्षं माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. आणि माझं सांगणं एकच असायचं: लाल माती, त्यात गुहेतलं वटवाघळांचं खत. झाडं अशी माजायची की माणूस आत शिरला तर दिसायचा नाही.

ओढ्याकाठच्या एनोसची, मानाने आम्ही त्याला मास एनोस म्हणतो, जमीन करडी, रेताड. त्याला मी भर बाजारात विचारायचे, "काय मास एनोस, यंदा पण चुलीतली राखच पेरलीत ना?" तो बिचारा हसायचा आणि गाढव हाकत पुढे जायचा.

मग कायदा बदलला. आमच्या सव्वीस घरांनी मिळून औषधाचा गांजा पिकवायचा परवाना मागितला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरची घरघर आली की झाडीत पळणारी माणसं आम्ही, आता पाकिटावर गावाचं नाव छापून येणार होतं! पहिलं पीक तपासणीला गेलं. प्रयोगशाळेतून टॅमिशा नावाची चष्मेवाली पोरगी आली, माझ्या नातीच्या वयाची.

"मिस आयसिल्डा, पाल्यात कॅडमियम निघालंय," ती म्हणाली. "विषारी धातू असतो. मुळं तो मातीतून ओढून घेतात. पुढच्या पिकातही निघाला तर परवाना गेला म्हणून समजा."

"माझ्या मातीत विष?" माझं डोकंच फिरलं. "अगं ए, या मातीतलं खाऊन मी सत्तरी गाठली! तुझ्या यंत्राचंच काहीतरी बिघडलं असेल."

"रागावू नका. वेगवेगळ्या प्रकारची माती घेऊन आपण दोघी मिळून बघू या."

"बघतेच! तुझं यंत्र खोटं पाडलं नाही तर नाव बदलीन."

आमच्याकडे घरटी पाच झाडं लावायची मुभा आहे. मी अंगणात पाच कुंड्या मांडल्या. एकीत नुसती लाल माती. दुसरीत लाल माती आणि गुहेचं खत. तिसरीत केळीच्या बागेतली काळी. चौथीत दुकानातून आणलेला नारळाचा भुसा. आणि पाचवीत मास एनोसची राख. ती पाचवी मी निव्वळ हसायला लावली होती, खोटं कशाला बोलू!

सहा आठवड्यांत दुसरीतलं झाड माझ्या कमरेला लागलं. पाचवीतलं वीतभर, पिवळट, वारा आला की आडवं व्हायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दोन्ही झाडं दाखवायचे. टॅमिशाने पानं खुडली तेव्हा मीच तिला बजावलं, पुड्यांवर नुसते आकडे घाल, कुठली माती ते तपासणाऱ्यांना कळता कामा नये. उगाच नंतर कुणी शंका काढायला नको.

निकाल घेऊन ती आली तेव्हा मी कसावाच्या कंदाची भाकरी भाजत होते. सगळ्यांत जास्त विष दुसऱ्या कुंडीत. त्याखालोखाल पहिलीत. काळी माती थोडक्यात नापास. नारळाचा भुसा स्वच्छ, पण सव्वीस घरांच्या शेतांना पुरेल एवढा विकत आणायचा म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. आणि राहिली पाचवी. तीही स्वच्छ!

तव्यावरची भाकरी करपली तरी मला भान नव्हतं. त्या गुहेची वाट मला बापाने दाखवली होती, आणि मी ती गावाला दाखवली होती.

टॅमिशा हळूच म्हणाली, "रविवारी गावाच्या सभेत मी एवढंच सांगते की जमीन बदलायला हवी. तुमच्या खताचा विषय काढत नाही."

मोह झाला मला. का नाही होणार? नवरा गेला, मुलं टोरंटोला, गावात माझं म्हणून होतं काय? लोक मला विचारतात, एवढंच. पण मी गप्प बसले तर पीक तिकडे हलवल्यावर हीच माणसं मास एनोसच्या रानातही गुहेचं खत नेऊन ओतणार, आणि तेही माझ्याच शब्दाखातर. मग ती चांगली जमीनही नासणार.

रविवारी चर्चच्या अंगणात मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले. दोन कुंड्या टेबलावर ठेवल्या.

"हे धष्टपुष्ट झाड माझं. हे विषारी निघालं. चाळीस वर्षं मी तुम्हाला चुकीची माती सांगत आले. आजपासून गुहेचं खत कुणी शेतात टाकायचं नाही. हे मरतुकडं झाड मास एनोसच्या मातीतलं, हे पास झालं. मास एनोस, तुमच्या मातीला मी राख म्हटलं. चुकलं माझं."

आमच्या सव्वीस घरांतलीच मिस पर्लीन शेजारणीला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "घ्या! इतकी वर्षं हिच्यापुढे माना डोलावल्या आपण!"

तेवढ्यात मास एनोस उठला. आता हा चाळीस वर्षांचं उट्टं काढणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"माती चांगली निघाली यात माझा काय पराक्रम?" तो म्हणाला. "देवाने दिली तशी आहे. पण या बाईने स्वतःची लाडकी माती स्वतःच नापास केली, आणि कुंडी उचलून आपल्यासमोर आणली. मी असतो तर गपचूप ओढ्यात फेकली असती! पर्लीन, तू काय केलं असतंस? माझी जमीन घ्या सगळ्यांनी. पण त्यात काय मिसळायचं ते मिस आयसिल्डा सांगतील. दुसऱ्या कुणाला मी बांधावर उभं करणार नाही."

पर्लीनने मान खाली घातली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि मी त्या पुसल्याही नाहीत.

त्या रेताड रानात आम्ही मिसळणीपुरता कुजवलेला काथ्या घातला, शेळ्यांच्या लेंड्या घातल्या, पालापाचोळा घातला. प्रत्येक गोष्ट आधी टॅमिशाकडे पाठवली, मगच शेतात ओतली. झाडं माझ्या जुन्या झाडांएवढी उंच झाली नाहीत, पण पीक पास झालं. पाकिटावर गावाचं नाव आलं.

परवान्याबरोबर एक कागद भरून द्यायचा होता, गावाची माती कोण पारखणार त्याचा. टॅमिशा तो घेऊन माझ्याकडे आली तेव्हा त्यावर माझं नाव आधीच घातलेलं होतं. खाली सव्वीस घरांच्या सह्या. पर्लीनची पण होती.

"एकच रकाना राहिलाय," टॅमिशा म्हणाली. "अनुभव किती वर्षांचा?"

"लिही, एकेचाळीस वर्षं," मी म्हटलं. "आणि त्यातली चाळीस चुकीची होती, तेही लिही."

टॅमिशाने माझ्याकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.