मडकीचा धूर आणि खर्ऱ्याची पन्नी

मी एक जुनी मडकी आहे. तोंडाचा टवका गेलेली, बुडाला भोक पाडलेली, आतून-बाहेरून काळीकुट्ट. मित्रांनो, नाक दाबू नका. माझ्यापेक्षा कितीतरी घाण गोष्टी मी पाहिल्या आहेत आणि त्याच आज तुम्हाला सांगणार आहे.

कुरखेड्याच्या बाजारात कुंभाराने मला मांडलं, तेव्हा मी लाल आणि देखणी होते. बापूजी नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याने मला घरी आणलं. दोन उन्हाळे माझ्यात ताक राहिलं. मग टवका उडाला आणि बापूजींनी माझ्या बुडाला खिळ्याने भोक पाडलं. त्या दिवसापासून मी उंदरांची मडकी झाले.

धानाच्या बांधांत उंदीर बिळं करतात. बापूजी माझ्यात निखारे घालत, त्यावर तणस, कडुनिंबाचा ओला पाला आणि उंदीर गुदमरावा म्हणून सुक्या मिरच्या. माझं तोंड बिळावर टेकवून चिखलाने लिंपत आणि बुडाच्या भोकातून फुंकत. धूर बिळात शिरे आणि जिथे जिथे दुसरं भोक असेल तिथून वर येई. उंदराने भोक कितीही लपवलेलं असो. "बापूजीची मडकी खोटं नाई बोलत," असं गावात म्हणत. कौतुक एवढंच. बाकी वर्षभर मी गोठ्याच्या भिंतीला टेकून, शेणाच्या ढिगाशेजारी पडलेली. कोंबडीसुद्धा माझ्यात अंडं घालत नसे.

माझ्यासमोरच बापूजींच्या नातवाची, पवनची, पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन उभी असायची. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. यंदा पवनने तिच्यातून मोहफुलांची पोती वाहिली. पोती गळली, फुलं सीटखाली पडली, पायाखाली चिरडून आंबली. त्याने एकदाही झाडू फिरवला नाही. वर तोंडात सदा खर्रा. तंबाखू-सुपारीचा तो लगदा चघळायचा, दारातून पिचकारी मारायची आणि प्लॅस्टिकची रिकामी पन्नी सीटखाली सारायची. दारावरून ओघळलेली ती लाल रेघ मी रोज बघत होते. शी! शेणाचा ढीग मला बरा वाटायचा.

मग व्हॅन बिघडली. चालू केली की तिचा आवाज आपोआप चढे, उतरे, पुन्हा चढे. चढावर तिला दम लागे, उभी केली की बंद पडे, आणि तापे तर अशी की सीटवर बसवत नसे. शनिवारी बाजारातून येताना ती तीनदा बंद पडली.

सोमवारी पवनच्या बहिणीची, दीपालीची, पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. दोन वर्षं ती रोज सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर धावत होती. सहाच्या आत गडचिरोलीला मैदानावर हजर राहायचं होतं आणि त्या वेळेला पोचवणारी बस नव्हती. हातात फक्त रविवार होता.

"दादा, रस्त्यात बंद पडली त मी काय तिथवर धावत जाऊ?"

"जा ना. तेवढीच प्रॅक्टिस होईन," पवन हसला.

दीपाली हसली नाही. तिचे डोळे भरले होते. बापूजी उठले. "सीट उचल," ते म्हणाले.

रात्रभर उभं असलेलं इंजिन गार होतं. बापूजींनी प्लग काढला. त्याचं टोक पांढरं पडलं होतं.

"पाह्य पोरी. चुलीत लाकूड कमी अन् फुंक जास्त झाली त नुसती राख उडते, भात काई शिजत नाई. याचंही तसंच होऊन राह्यलं. पेट्रोल कमी, हवा जास्त."

आधी त्यांनी पेट्रोलची नळी सोडून पाहिली. पेट्रोल स्वच्छ आणि भरपूर येत होतं. नळी पुन्हा घट्ट बसवली, सांडलेले थेंब पुसून सुकू दिले. "मंग हवाच चोरून आत जाऊन राह्यली. कुठीतरी बीळ हाये." आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "आण ते मडकी."

"आबाजी, गाडीले मडकी? लोकं हासतीन!" पवन आजोबांना घाईने म्हणाला. "राहू द्या. उद्या मिस्त्रीले दाखवतो."

"उद्या मी ग्राउंडवर राहू, का मिस्त्रीकडे?" दीपालीने मला उचललंही होतं.

मित्रांनो, विस्तव पेट्रोलजवळ कधीही न्यायचा नसतो, आणि हे काम मुलांचं तर मुळीच नाही. बापूजींनी निखारे आणि ओला पाला भरून मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. माझ्या तोंडात फवारणीच्या पंपाचा लांबलचक पाइप खोचून चिखलाने लिंपला. दुसरं टोक इंजिन जिथून हवा ओढतं तिथे घातलं आणि भोवतालची फट ओल्या फडक्याने बुजवली. आतली झडप उघडी राहावी म्हणून दीपालीने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला.

"मिर्ची नोका टाकू आबाजी," पवन म्हणाला. "इंजिनात काय उंदीर हाये?"

बापूजी फुंकू लागले. बराच वेळ काही दिसेना. मग इंजिनाच्या मागच्या अंगाने धुराची एक रेघ वर आली. बारीक, मग जाड.

बापूजींनी तिथे हात घातला आणि बाहेर आलं ते उंदराचं घरटं. चिंध्या, आंबलेली मोहफुलं, लेंड्या आणि मुताचा असा भपकारा की दीपाली नाक दाबून मागे सरली. घरट्याखाली एक रबरी नळी टोकाशी कुरतडलेली होती. तिच्यावर रबरबँड लावून काहीतरी गुंडाळलं होतं. वितळलेलं, चिकट, लालसर. खर्ऱ्याची पन्नी!

बापूजी ती बोटांत धरून म्हणाले, "उंदीर पन्नी गुंडाळत नाई."

दीपाली पवनकडे वळली.

"तुले माहीत होतं?" दीपालीने विचारलं.

"महिना झाला," पवन पुटपुटला. "तेवढ्यापुरतं लावलं होतं. मले वाटलं, चालते."

उंदीर तरी पोटासाठी कुरतडतो. याने भोक पाहिलं, झाकलं आणि गप्प बसला. मला त्या घरट्याची नाही इतकी त्या पन्नीची किळस आली.

दुरुस्ती सोपी होती. नळी पुरेशी लांब होती. बापूजींनी कुरतडलेलं चार बोटं टोक कापलं, नळी पुन्हा बसवून क्लिप आवळली. घाण खरवडून काढली. इंजिन चालू केलं, तर आवाज एका लयीत. पवनने जंगलातल्या रस्त्याने दोन चकरा मारल्या. व्हॅन उभी राहिली, पण बंद पडली नाही.

तो खुशीत उतरला, खर्ऱ्याचा तोबरा भरला आणि अंगण ओलांडताना माझ्यात थुंकला.

माझ्यात!

दीपालीने पाहिलं. "धू," ती म्हणाली.

"काय?"

"राखेनं धू. हातानं. नाई त तुह्या गाडीत मी बसत नाई. पायी जाईन."

ती गेली असती. पवनलाही ते ठाऊक होतं. त्याने हातपंपावर मला घासलं, स्वतःच्या थुंकीत बोटं घालून. त्याचं तोंड वाकडं झालेलं मी जवळून पाहिलं.

दीपाली वेळेवर पोचली, धावली आणि निवडली गेली. आता ती ट्रेनिंगला आहे. मी पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेली आहे. मित्रांनो, एवढंच मागते. गाडी असो की घर, भोक दिसलं की त्याच दिवशी सांगा, पन्नीने झाकू नका. आणि थुंकण्याआधी बघा, समोर कोण आहे.

पवन आता माझ्यात थुंकत नाही. माझ्या बाजूच्या भिंतीवर थुंकतो. ती बिचारी दीपालीच्या सुट्टीची वाट बघत उभी आहे.