आत्याबाई जेवत नाहीत

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सुट्टीचे अर्ज देण्याचे दिवस आले की तिला दरवर्षी तेच ऐकावं लागे. "तुमचं काय बाई, सडेफटिंग. उचलली पिशवी की निघालात." बोलणारीला तीन मुलं होती, एक सासरा होता आणि वर्षभर कुणाची ना कुणाची परीक्षा होती. ही हसून मान डोलवायची. खोटं बोलत नव्हती, फक्त खरं सांगत नव्हती. खरं असं होतं, की तीन मुलांची ती बाई सगळं लटांबर घेऊन दरवर्षी समुद्रावर जात होती आणि काळीठिक्कर होऊन परत येत होती. हे दोघे सडेफटिंग मात्र लग्न झाल्यापासून एकही सहल पुरी करून आले नव्हते.

मूल नको, हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. नातेवाइकांनी कारण विचारलं तेव्हा तिने भर बैठकीत सांगितलं होतं, "आम्हाला जग बघायचंय." तेव्हा वय लहान होतं आणि जीभ मोठी. त्यानंतर जग बरंच बदललं, पण यांचं बघायचं राहून गेलं.

कारणं दोन होती आणि दोन्हींना शेपूट होतं. कुत्र्याचं नाव जावई, कारण घरात आल्या दिवसापासून तो सोफ्यावर बसून आपल्यासाठी कोण काय आणतंय याची वाट बघत असे आणि आणलेल्याला नाक मुरडत असे. मांजर म्हणजे आत्याबाई. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं लोक नुसतं म्हणतात. यांना खरोखरच्या होत्या, त्यामुळे घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नव्हतं.

पहिली सहल शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर संपली, कारण स्वयंपाकघराची खिडकी लावली की नाही हे तिला आठवेना. लावलेली होती. दुसऱ्या वेळी या दोघांना सोबत नेलं. आत्याबाई पोचल्या पोचल्या पाहुणघराच्या कपाटामागे शिरल्या आणि सुट्टीभर तिथेच राहिल्या. नवरा-बायकोने निसर्ग म्हणून त्या कपाटाची पाठ बघितली, आणि कंटाळून सुट्टीच लवकर आटोपली. मग आळीपाळीने जायचं ठरलं. नवरा एकटा समुद्रावर गेला, ती एकटी डोंगरावर, आणि इमारतीत बातमी पसरली की यांचं फाटलं. शेजारीण तर घरात सांत्वनाला येऊन बसली. समजावून सांगण्यापेक्षा एकत्र घरी बसणं सोपं, म्हणून मग दोघं घरीच बसली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की तो हातात एखादी काच घेऊन पुसायला लागे. त्या दिवशी तो स्वतःचाच चष्मा पुसत होता.

"डोंगरात तळ्याकाठी एक घर भाड्याने मिळतंय," तो म्हणाला. "जाऊ या. पण या वेळीही अर्ध्यातून परतलो, तर मी पुन्हा बेत आखणार नाही. रागावून नाही म्हणत. पण माणसाने किती वेळा बॅग भरायची आणि तशीच उपसायची?"

तो कधी आवाज चढवत नसे. त्याच्या मानाने हे ओरडणंच होतं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे उघडे-उघडे दिसत होते, आणि ती पटकन म्हणून गेली, "नाही परतणार."

सांभाळायला नवऱ्याची थोरली बहीण आली. तिला दोघंही ताईच म्हणत. ताईंचे दोन्ही मुलगे लांब नोकरीला होते, आणि रिकामं घर त्यांना खायला उठत असे. पण तसं कबूल करण्यापेक्षा त्या उपकार केल्यासारखं आल्या.

"दोन मुलगे वाढवलेत मी," ताई पिशवी ठेवत म्हणाल्या. "एक मांजर काय जड आहे?"

"तसं नाही ताई. मुलं काय होतंय ते बोलून तरी दाखवतात."

"तुला मुलगे नाहीत म्हणून असं वाटतं."

आत्याबाई कपाटावर बसून नव्या माणसाचा अंदाज घेत होत्या. ताईंनी वर पाहिलं. "आत्या खरं तर मी व्हायची होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते पद हिला दिलंत. आता पदावरच्या बाईंची सेवा. घ्या."

हसत म्हणाल्या, पण तिने त्यांना चहात साखर जरा जास्तच घातली.

जावयाची काळजी नव्हती. तो कुणाच्याही हातून, कितीही वेळा जेवला असता. काळजी होती ती आत्याबाईंची. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "म्हातारं मांजर आहे. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर येईल. जेवण चुकू देऊ नका." आणि आपण हाक मारल्याशिवाय आत्याबाई ताटलीला तोंड लावत नाहीत, अशी तिची ठाम समजूत होती. समजूत कसली, अभिमानच. नवऱ्याने कितीही लाडीगोडी लावली तरी त्या मान फिरवत. तिने "या हो आत्याबाई, जेवून घ्या, शहाण्या ना तुम्ही," म्हटलं की हळूहळू, मेहेरबानी केल्यासारख्या येत.

म्हणून तिने ती हाक जुन्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवली. पद्धतशीर बाई होती. आठवडाभर चाचणीही घेतली: ताटलीजवळ फोन ठेवायचा, शेजारी स्वतः मांडी घालून बसायचं आणि आवाज लावायचा. आत्याबाई रोज येऊन जेवल्या. प्रयोग यशस्वी. तिने ताईंना फोन कसा लावायचा ते शिकवलं, मग पुन्हा शिकवलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, तू जा आता. मला मोबाइल येतो, मांजरही येईल."

तळ्याकाठचं घर फोटोत होतं तसंच निघालं, ही त्यातली पहिली आश्चर्याची गोष्ट. ओसरीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या, समोर पाणी होतं आणि पाण्यात डोंगर उलटा पडला होता. नवरा खुर्चीत बसला आणि त्याने पाय लांब केले. घरात पाय लांब केले की जावई त्यावर येऊन बसे. इतकी मोकळीक त्याला सवयीची नव्हती, म्हणून थोड्या वेळाने त्याने पाय पुन्हा जवळ घेतले.

संध्याकाळी तिने फोन केला.

"जावई जेवला," ताई म्हणाल्या. "माझंही थोडं जेवला. तुझी ती मात्र नाही."

"आवाज लावलात?"

"लावला की."

"आणखी लावून बघा. थोडा मोठा करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेच. आवाज लावला, जेवल्या नाहीत. आणखी लावला, तरी नाहीत. मधल्या वेळात नवरा तिला नावेतून फिरवून आणत होता. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे दिसत होते. एरवी तिने ओंजळीत घेऊन त्यात काय काय असेल याचा अंदाज बांधला असता. ती फोन उंच धरून रेंज शोधत होती, आणि नावाड्याला वाटलं बाई फोटो काढताहेत, म्हणून तो बिचारा दर वेळी वल्हं थांबवून हसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळीही तोच निरोप आला तेव्हा तिने बॅग भरायला घेतली. नवऱ्याने पाहिलं. तो वाद घालील म्हणून तिने मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, सगळी बिनतोड. त्याने वाद घातला नाही. आपले सदरे घडी घालून तिच्याकडे दिले, बॅग उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली. उत्तरं तिच्याजवळच राहिली, आणि फार जड झाली.

घराची मालकीण किल्ली घ्यायला आली. "इतक्या लवकर? काही झालं का?"

"आत्याबाई जेवत नाहीयेत," नवरा म्हणाला.

"अरेरे," मालकीणबाई कळवळल्या. "या वयात असंच होतं हो. किती वर्षांच्या?"

"पंधरा."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि किल्ली न मागताच बाजूला जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागल्या.

गाडीत बसल्यावर तिने ताईंना व्हिडिओवर घेतलं. निदान निघण्याआधी चेहरा तरी दिसावा. "ताई, आत्ता एकदा माझ्यासमोर लावा. मला बघू दे काय करतात."

ताईंनी मोबाइल ओट्यावर टेकवला. ताटली दिसली, जुना फोन दिसला, आणि आत्याबाईही दिसल्या, ताटलीच्या अगदी जवळ. वास घेत होत्या. मान खाली चालली होती.

तेवढ्यात ताईंनी आवाज लावला. "या हो आत्याबाई, जेवून घ्या," असं ती स्वतःच फोनमधून म्हणाली, नको इतक्या गोड आवाजात.

आत्याबाईंचे कान उभे राहिले. मान वर आली. ताटली सोडून त्या तरातरा बाहेरच्या खोलीत गेल्या. ताई मोबाइल घेऊन मागोमाग गेल्या, तर आत्याबाई मुख्य दारासमोर, दाराकडे तोंड करून, शेपटी पायांभोवती गुंडाळून बसल्या होत्या. आपली बाई दाराबाहेर आली आहे आणि आता आत येणार, अशा समजुतीने.

"रोज अश्शीच बसते," ताई म्हणाल्या. "मला वाटलं हिची खोडच आहे. तू म्हणालीस आणखी लाव, मी आणखी लावला."

प्रयोगशाळेत रोज पाण्याच्या नमुन्यांसोबत ती एक कोरी प्लेट ठेवत असे, जिच्यात काहीच घातलेलं नसतं. तिच्यातही जंतू वाढले तर समजायचं, घाण पाण्यात नाही, आपल्या हाताला आहे. कोरी प्लेट विसरणाऱ्या किती पोरींना तिने सगळं काम फेकून पुन्हा करायला लावलं होतं. आणि स्वतःच्या घरात हिने आठवडाभर चाचणी घेतली, ती रोज शेजारी बसून. आवाजाशिवाय आत्याबाई जेवतात का, किंवा नुसत्या आवाजावर, आपण नसताना, काय करतात, हे एकदाही पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं, असंही म्हणता आलं असतं. दोन दिवस ती म्हातारीला जेवणावरून उठवत होती, आणि तेही शहाण्या ना तुम्ही, असं म्हणून.

"ताई, तो फोन बंद करा. ताटली तिथेच राहू द्या. हाक मारू नका, काही बोलू नका. तुम्ही आपलं तुमचं काम करा."

"एवढंच? हे तर मी पहिल्या दिवशीच केलं असतं. म्हटलं, तू शिकलेली आहेस, काही तरी शास्त्र असेल."

"शास्त्र नव्हतं," ती म्हणाली.

ताईंनी मोबाइल पुन्हा ओट्यावर टेकवला आणि भाजी निवडायला बसल्या. गाडीत दोघं त्या छोट्या पडद्यावर रिकामी फरशी बघत राहिली. नवऱ्याने अजून गाडी सुरू केली नव्हती. निघू या का, असंही तो विचारत नव्हता. बाहेर मालकीणबाईंची त्याच कुंडीला पाणी घालायची ही कितवी वेळ होती कोण जाणे.

बऱ्याच वेळाने पडद्याच्या कडेला एक पाय आला. मग मिशा. आत्याबाई ताटलीपाशी आल्या, थांबल्या, ताईंकडे पाहिलं. ताई शेंगा सोलत होत्या. त्यांनी पाहिलं नाही. आत्याबाईंनी मान खाली घातली आणि चाटायला सुरुवात केली.

हाक तिच्या अगदी ओठांपर्यंत आली. ताईंनी न वळता, हळूच म्हटलं, "खातेय. आता तू बोलू नकोस हं."

तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मांजर जेवत होतं, आणि तिने आपल्या बाजूने करण्यासारखं एकच उरलं होतं: तिथे नसणं. सुटकेने तिला रडू येत होतं आणि अपमानाने हसू, आणि हाताखाली दोन्हींची गल्लत होत होती. ताटली लख्ख झाली. आत्याबाईंनी तोंड पुसलं आणि दाराकडे ढुंकूनही न बघता उन्हात जाऊन आडव्या झाल्या.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली. "बॅग काढ बाहेर."

नवरा हलला नाही. त्याने तिच्या हातातून मोबाइल घेतला. "ताई, जावई कुठाय?"

"तुझ्या उशीवर झोपलाय."

"माझी आठवण काढतो का? म्हणजे दारापाशी जातो वगैरे?"

"नाही बाबा. त्याचं बरं चाललंय. काल रात्री पायाशी येऊन झोपला माझ्या. घोरतो किती रे."

"पण माझ्या चपला हुंगत असेल ना?"

"चपला त्याने परवाच खाल्ल्या. तुला सांगणार नव्हते."

नवऱ्याने फोन ठेवला. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि पुसायला लागला. ती थांबली. एवढ्या वर्षांत परतायचा हट्ट नेहमी तिचा आणि खंत नेहमी त्याची. तिला वाटलं आता तो काही तरी समजूतदार बोलेल.

"मी काय म्हणतो," तो काचेकडे बघत म्हणाला, "बॅग गाडीत आहेच. एकदा जाऊन त्याला बघून येऊ का? उद्या परत येऊ इथेच."

"त्याला कळणारही नाही आपण आलो ते."

"तेच ना," तो म्हणाला. "तेच सोसवत नाही."

ती हसली नाही, कारण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. ती उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि दार उघडलं. तो बसून राहिला. मग तिने मालकीणबाईंना हाक मारली आणि दोन कप चहा होईल का, असं विचारलं.

"म्हणजे राहताय?" मालकीणबाईंनी झारी खाली ठेवली. "आत्याबाई?"

"जेवल्या," ती म्हणाली. "आता यांना जेवायला घालायचंय."

नवऱ्याने चष्मा घातला, तिच्याकडे जरा रागाने पाहिलं आणि एक पाय गाडीबाहेर ठेवला.