लाल टोपीची बाटली

“लाल टोपीची बाटली. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक. सहा आठवडे, एक दिवसही खाडा नको. आणि घरातल्या भरवशाच्या माणसाकडून टाकून घ्या.”

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टर फरहा मॅडमचे हे शब्द रीताने पदराला गाठ मारून ठेवावेत तसे जपले होते. भरवशाचं माणूस शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. नवऱ्याची, खुशालची, थोरली बहीण ताराबाई घरातच होती. तरुणपणीच माहेरी परतलेली, एकभुक्त राहणारी, नामस्मरणाशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी. गावात दोघांचं भांडण मिटलं नाही की लोक म्हणत, “ताराबाईले विचारा. थे खोटं बोलत नाई.”

झालं असं, की तलावात जाळं खुंटाला अडकलं होतं. ते सोडवायला रेटलेला बांबू सटकला आणि रीताच्या उजव्या डोळ्यावर बसला. रक्त ओसरलं, सूज उतरली, पण महिना झाला तरी समोरचं सगळं पाण्याखालून पाहावं तसं दिसे. शेजारच्या बापूरावांना काचबिंदू, त्यांच्या डोळ्यातला दाब वाढायचा. हिचं उलटंच निघालं. दाब पार उतरला होता.

“आतल्या भिंतीला चीर गेलीय,” मॅडम म्हणाल्या होत्या. “डोळ्यातलं पाणी तिथून झिरपतं, म्हणून डोळा मऊ पडलाय. असं फार क्वचित होतं.”

“म्हंजे तलावाची पाळ फुटल्यावानी?”

मॅडम हसल्या. “तस्संच. या औषधानं आतला स्नायू सैल राहतो, चीर चिकटायला सवड मिळते. नाही चिकटली तर टाके. पण फार दिवस असंच राहिलं तर मागच्या पडद्याला सुरकुत्या पडतात. मग टाक्यांनीही नजर येत नाही.”

पहिल्याच दिवशी रीताने ताराबाईच्या मांडीवर डोकं ठेवलं. थेंब पडला आणि थोड्या वेळाने घशात कडूजहर चव उतरली. ताराबाईने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तोच रिवाज पडला. थेंब आणि गूळ.

औषधाने बाहुली मोठी झाली. उजेड सोसेना म्हणून रीता काळा चष्मा लावून नळावर गेली.

“वा गं हिरोईन! शूटिंग कुठी हाय?” पाणी भरणारी सोमारी ओरडली. मग चष्मा वर करून पाहिलं आणि तिचं हसू विरलं. “अगं माय, घुबडावानी झाली न बाहुली! फुटून तं नाई राह्यली?”

मागे घागर घेऊन ताराबाई उभी होती. तिने ते ऐकलं.

पुढे कडू लागेनासं झालं. “सवय झाली असन तुले,” ताराबाई म्हणाली. बाहुलीही लहान होत गेली. डोळा ताळ्यावर येऊन राह्यला, असं समजून रीता आनंदली.

पाचव्या आठवड्यात मॅडमनी डोळ्यावर उजेड पाडला आणि हात बाजूला घेतला.

“औषध बंद कधी केलंत?”

“बंद? माझी ननंद रोज टाकते. एक टाइम नाई चुकला.”

“खोटं कशाला बोलता? औषध चालू असतं तर बाहुली अशी मिटलीच नसती. दाब होता तिथंच आहे.”

बाकावरचे लोक वळून पाहू लागले. रीताच्या कानशिलांना आग लागली. मॅडमनी आपल्या कपाटातली बाटली काढली, एक थेंब टाकला आणि पुढचा पेशंट बोलावला. रीता भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने घशात ती चव उतरली. कडूजहर.

तीन आठवडे. तीन आठवडे ही चव तिने चाखलीच नव्हती. ती परत आत गेली आणि घरच्या बाटलीत भलतंच असावं असं म्हणाली; मॅडमनी नवी बाटली दिली आणि थेंब टाकणाऱ्याला सोमवारी घेऊन यायला सांगितलं.

घरी पोचली तेव्हा ताराबाई देवापुढे फुलवाती वळत होती.

“बाई, बाटलीत काय हाय?”

“औषध.”

“देवापुढं बसून बोलून राह्यल्या तुमी.”

ताराबाईचे हात थांबले. “तीर्थ हाय,” ती हळू म्हणाली. “वैनगंगेचं. तुझी बाहुली रोज फाटत चालली होती. दवाईनं डोळा खाल्ला असता. मी बाटली धुतली न तीर्थ भरलं. पाह्य ना, झाली का नाई लहान?”

“दवाई बंद झाली म्हून लहान झाली. मोठी होते म्हंजेच दवाई लागून राह्यली.” रीताचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “मले विचारलं काऊन नाई?”

“तू नाई म्हटली असती.”

“अन् गूळ? गूळ काऊन देत होत्या मंग?”

ताराबाईने हातातली फुलवात पुन्हा वळायला घेतली.

ओसरीवरून खुशाल म्हणाला, “जाऊ दे ना रीता. बाईनं काई वाईट मनानं नाई केलं.”

“तुमच्या डोळ्यात टाकलं असतं तं?”

तो जाळं घेऊन उठला आणि तलावाकडे निघून गेला. तेही तिला लागलं.

“मॅडमनं कागदावर लिवलं, पेशंट औषध टाकत नाई,” ती ताराबाईला म्हणाली. “काय टाकलं, किती दिवस टाकलं, हे टाकणाऱ्याच्या तोंडून समजल्याबिगर टाके का दवाई, थे ठरवत नाई. सोमवारी सांगान तुमी?”

“साऱ्यांसमोर?”

“मले साऱ्यांसमोर खोटी म्हटलं.”

ताराबाई म्हणाली, “सांगीन.”

मधले दिवस रीताने नव्या बाटलीतला थेंब स्वतःच टाकला. एक गालावर, एक पापणीवर, तिसरा कसाबसा डोळ्यात. ताराबाई दाराशी गूळ घेऊन उभी राही. रीता पाण्याने चूळ भरी आणि तिच्या बाजूने निघून जाई.

सोमवारी ती उठली तेव्हा अंगण झाडलेलं होतं, देवापुढे दिवा जळत होता आणि ताराबाई घरात नव्हती. पुन्हा फसवलं?

ती बाहेर आली. तलावाच्या पाळीवरून एक पांढरं लुगडं एसटीच्या थांब्याकडे चाललं होतं. चंद्रपूरच्या गाडीला अजून तासभर होता. ताराबाईने मागे पाहिलं नाही. तीर्थ भरलेली ती लाल टोपीची बाटली तिने पदराखाली झाकली नव्हती, साऱ्यांना दिसेल अशी हातात धरली होती.