चवळीला धुंगार

सत्यभामाबाई अंबाजोगाईहून कतारमध्ये दोह्याला आल्या, त्याला तीन महिने होत आले होते. मुलगा संजीव गॅस कंपनीत इंजिनियर, सून मृणालिनी पुण्याची, नातू गंधार आठ वर्षांचा. अल थुमामातल्या एका कंपाउंडमध्ये त्यांचं ऐसपैस घर होतं. आईला कसलीही तोशीस पडू द्यायची नाही, असं नवरा-बायकोनं ठरवून टाकलेलं. बाईंना ब्लडप्रेशर, म्हणून मृणालिनी त्यांना गॅससमोर उभंच राहू देत नसे. "आई, तुम्ही बसा, मी करते," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की बसून बसून गुडघे आखडले. पन्नास वर्षं दहा-दहा माणसांचं रांधलेली बाई ती. तिला नुसतं बसवणं म्हणजे पोळ्याच्या बैलाला शिंगं रंगवून गोठ्यातच बांधून ठेवण्यासारखं.

मग त्यांनी मागच्या अंगणात जीव रमवला. रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली आणि पदराच्या गाठीत बांधून आणलेलं भेंडीचं बी टोचलं. कंपाउंडचा वॉचमन इब्राहीम मूळचा हैदराबादचा. बाईंची निजामाच्या मुलखातली हिंदी साऱ्या दोह्यात फक्त त्यालाच नीट कळायची.

"अम्मा, इधर की मिट्टी में उगता क्या?" तो विचारायचा.

"उगता नई तो क्या? तुम पानी डालते जाव," बाई म्हणायच्या.

आणि उगवलं. नोव्हेंबरात कोवळ्या भेंड्या लागल्या. एके सकाळी बाई भेंड्या तोडत असताना शेजारच्या भिंतीवरून एक पांढरंशुभ्र डोकं वर आलं. उंच, हाडापेराची, फुलाफुलांचा झगा घातलेली गोरी म्हातारी. तिनं डब्यांकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि माहेरचं माणूस दिसावं तशा आवाजात म्हणाली, "ओक्रा!"

"भेंडी," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"बेंडी," ती म्हणाली.

बाईंनी ओंजळभर भेंड्या भिंतीवरून तिच्या हातात दिल्या. संध्याकाळी त्याच भिंतीवरून एक बशी आली. भेंडीच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेल्या. बाईंनी एक तोंडात टाकली, मग दुसरी. "अगं मृणाल, ही तर आपलीच कापं! हिला कुणी शिकवली?" बशी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी बशीतून शेंगदाण्याची चटणी गेली. अशी ती बशी सुरू झाली, ती थांबेचना.

मृणालिनीनं चौकशी करून आणली. बाई अमेरिकेतल्या अलाबामाच्या. वसंतात नवरा वारला, म्हणून मुलानं, ट्रॅव्हिसनं, त्यांना इकडे आणलं. तो तेलाच्या कंपनीत, त्याची बायको शाळेत शिकवते. सगळे त्यांना मिस ओपल म्हणतात.

"मिस? एवढा बाप्या लेक हाय की तिला!"

"आई, तिकडे मोठ्या बाईला मानानं तसंच म्हणतात."

"मग असू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी मात्र तिला 'ओपलबाई' करून टाकलं.

भिंतीशी दोघींच्या गप्पा रंगल्या की मृणालिनीची त्रेधा उडे. मिस ओपलचं इंग्रजी गुळाच्या पाकासारखं, एकेका शब्दाला हातभर तार. आणि सासूबाई म्हणायच्या, "तिला इचार, शेंगदाणं भाजतीस का उकडतीस?" पुण्यात वाढलेल्या मृणालिनीला कधीकधी दोन्ही बाजूंचं अर्धंच कळायचं. पण दोघी म्हाताऱ्यांचं तिच्यावाचून अडत नसे. एक दिवस मिस ओपलनं अलाबामाहून आणलेला काळाभोर लोखंडी तवा दाखवला, त्यांच्या आईच्या वेळचा. बाईंनी त्यावर बोटाची पेरं वाजवली, तेल मुरलेलं तुकतुकीत बूड तळहातानं चोळलं आणि मान डोलावली. दुभाष्याची गरजच पडली नाही.

डिसेंबर सरत आला, तशी मिस ओपल अबोल होत गेल्या. कारण मृणालिनीला कळलं ते बाजारात. एकतीस तारखेला ती दोघींना गाडीतून भाजी-किराणावाल्या इकबालच्या दुकानात घेऊन गेली होती. मिस ओपल म्हणाल्या, आमच्याकडे एक जानेवारीला चवळी, हिरवा पाला आणि मक्याचा पाव खाल्ल्याशिवाय वर्ष लागत नाही. पन्नास वर्षं मी ते केलं, आणि पहिला डाव वाढला तो नवऱ्याच्या ताटात. यंदा ट्रॅव्हिसनं हॉटेलात टेबल घेतलंय. मी येत नाही म्हटलं, तर म्हणाला, आई, आता इथली सवय करून घे.

हे सासूबाईंना सांगताना मृणालिनी जरा अडखळली. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या एकदम म्हणाल्या, "चवळी घे. चांगली दोन किलो घे. हाटेलात काय जेवायचं वर्षाच्या दिवशी?"

मक्याचं पीठ मिळालं. पाला मात्र मिस ओपलला हवा तसा मिळेना. शेवटी त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात टाकलेल्या फ्लॉवरच्या बाहेरच्या पानांवर झडप घातली. इकबालनं हसत पोतंभर पानं तशीच दिली.

"हे तर आमी म्हशीला घालताव," सत्यभामाबाई हळूच सुनेला म्हणाल्या. "पण तिला सांगू नको."

एक जानेवारी गुरुवार होता. पुरुषमाणसं कामावर गेलेली, ट्रॅव्हिसची बायको नाताळच्या सुट्टीत माहेरी. हॉटेलचं टेबल ट्रॅव्हिसनं कुरकुरत रद्द केलं होतं. जेवण मिस ओपलकडे संध्याकाळी सहाला ठरलं, दोन्ही घरांचं. शेजारून सकाळपासून भांड्यांचे आवाज येत होते. दुपारी मात्र ते थांबले. बाईंनी भिंतीवरून डोकावलं, तर मिस ओपल मागच्या पायरीवर बसून अ‍ॅप्रनला डोळे पुसत होत्या.

"मृणाल, ये गं! ओपलबाई रडायली."

दोघी फाटकातून आत गेल्या. स्वयंपाकघरात एका पातेल्यात कोंबडी आदल्या रात्रीपासून ताकात भिजत होती. रताळी भाजून तयार होती. मोठ्या भांड्यात चवळी आणि पाला रटरटत होता. मिस ओपलनं चमचाभर चवळी मृणालिनीपुढे धरली. मीठ होतं, मिरी होती, कांदाही होता. पण चव म्हणावी तर पाण्यासारखी.

मिस ओपल सांगत गेल्या आणि मृणालिनी ऐकत गेली. या चवळीत धुरावलेल्या मांसाचा एक तुकडा पडतो. सगळी गंमत त्या धुराची. तो तुकडा त्यांनी बॅगेत घालून आणला होता, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं नम्रपणे काढून घेतला. ट्रॅव्हिसनं आणू नको म्हणून बजावलेलं, त्यांनी ऐकलं नव्हतं. आता त्याच्यापुढे हे बेचव कसं वाढायचं? तो बोलणार नाही, पण हॉटेलच बरं होतं असं त्याला वाटेल.

"कशाचं मांस म्हणायली?" बाईंनी विचारलं.

मृणालिनीनं घसा साफ केला. "डुकराचं."

"इश्श! मग नेलं तेच बरं झालं." बाईंनी भांड्यात डोकावलं. "पण तिला मांस न्हाई पायजे गं. धूर पायजे तिला. हो ना?"

"हो, धुराचाच वास."

"मग रडायली कशाला? ऊठ म्हणावं."

आणि सत्यभामाबाईंनी पदर खोचला. मृणालिनी सवयीनं म्हणाली, "आई, तुम्ही बसा, मी…"

"तुला येतो धुंगार घालायला?"

"नाही."

"मग तूच बस."

अंबाजोगाईला त्यांच्या घराला लागून रुकैयाचं घर होतं. तिच्या हातची धुंगार घातलेली डाळ गल्लीभर घमघमायची. लग्न होऊन आल्या वर्षीच बाईंनी ती विद्या तिच्याकडून उचलली होती. आता फक्त कोळसा हवा होता. इब्राहीमला हाक गेली. तो धावत जाऊन उदाची धुरी करतात त्या गोल चकत्या घेऊन आला. बाईंनी त्या हुंगून परत दिल्या.

"ये नक्को. ये दवाई का कोयला है. लकडी का लाव, कबाब भूनते ना, वैसा."

"अब्बी लाया अम्मा!" इब्राहीम सायकलवरून सुटला.

कोळसा आला. बाईंनी एक खडा गॅसवर लालभडक फुलवला. कांद्याची जाड साल वाटीसारखी चवळीवर तरंगत ठेवली, तिच्यात निखारा ठेवला आणि वरून चमचाभर तूप सोडलं. चर्र झालं. पांढरा दाट धूर उठला. बाईंनी झाकण दाबलं, पण लगेच म्हणाल्या, "एकानं काय व्हायचं? भांडं केवढं थोरलं." दुसरा निखारा, तिसरा निखारा. मिस ओपल झाकणावर हात ठेवून, डोळे विस्फारून उभ्या. धूर कडेकडेनं निसटून छताला गेला.

आणि छतावरची घंटा किंचाळायला लागली.

कर्णकर्कश नुसती! मृणालिनी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालू लागली. गंधार कानांवर हात ठेवून दारात नाचत होता, "आज्जी, यू आर ऑन फायर!" तेवढ्यात इब्राहीम आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आत घुसला. त्यानं पिन उपसली. नळीचं तोंड थेट चवळीच्या भांड्याकडे. सत्यभामाबाई दोन्ही हात पसरून भांड्यापुढे उभ्या ठाकल्या.

"नक्को मियां! आग नई, सालन है! सालन है!"

नेमका त्याच वेळी ट्रॅव्हिस घरी आला. दारातून त्याला दिसलं ते असं: घंटा बोंबलतेय, घरभर धूर, खुर्चीवर शेजारीण, लाल नळकांडं घेतलेला वॉचमन, आणि त्याच्यासमोर हात पसरून एक नऊवारीतली आजी. मध्ये त्याची आई. आणि ती हसत होती. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मार्चनंतर तिला असं हसताना त्यानं पाहिलंच नव्हतं.

घंटा काही केल्या बंद होईना. शेवटी घंटा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "इन्शाल्ला, एक तासात येतो." तेव्हा ट्रॅव्हिसनं टाय काढला आणि म्हणाला, "यल्ला, बाहेर जेवू." टेबल अंगणात आलं. संजीव कामावरून आला तो सरळ खुर्च्या उचलायलाच लागला. मिस ओपलनं कोंबडी पिठात घोळवून खरपूस तळली, काळ्या तव्यात मक्याचा पाव भाजला. पावाला खालून सोनेरी कड आली होती. डिसेंबर-जानेवारीचा दोह्याचा गारवा, वर विमानतळाकडे उतरणारं विमान आणि घरातून अजून बारीक आवाजात कुंईकुंई करणारी घंटा.

मिस ओपलनं सगळ्यांना हात धरायला लावले आणि दोन ओळींची प्रार्थना म्हटली. सत्यभामाबाईंचा एक हात त्यांच्या हातात होता, दुसऱ्या हातात गंधारचा. मग मिस ओपल डाव घेऊन उभ्या राहिल्या. पहिला डाव कुणाला, या विचारानं क्षणभर घुटमळल्या. सत्यभामाबाईंना ते कळलं. त्यांचेही यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पहिली भाकरी कुणाच्या ताटात वाढायची या विचाराशी हात अजून अडखळायचा. त्यांनी हळूच ट्रॅव्हिसचं ताट पुढे सरकवलं.

ट्रॅव्हिसनं पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"अगदी तशी नाही झाली," मिस ओपल घाईनं म्हणाल्या.

"नाही," ट्रॅव्हिस म्हणाला. "तशी नाही." त्यानं पुन्हा चमचा भरला. "पण आपल्या घराचा वास येतोय, मॉम." आणि मग तो नुसता जेवत राहिला. तीनदा चवळी घेतली, ताट पावानं पुसून घेतलं. गंधारनं पाला खाल्ला. घरी पालकाला तोंड फिरवणारं पोर, म्हशीचा चारा मागून मागून खात होतं. इब्राहीमनं आधी संकोचानं विचारलं, "इसमें वो तो नई ना?" बाईंनी "तूप है, धुवां है, बस!" म्हणताच तोही मांडी ठोकून बसला.

पोटं तुडुंब झाल्यावर ट्रॅव्हिस मृणालिनीकडे वळला. "आजींना विचाराल का, चवळीत हे काय घातलं त्यांनी?"

मृणालिनीनं मराठीत विचारलं. सत्यभामाबाई ताटं गोळा करत होत्या. मिस ओपल त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सांग त्याला," बाई म्हणाल्या, "मला कशाला इचारतो? आईला इचार म्हणावं. स्वैपाक तिचा हाय."

मृणालिनीनं ते शब्दशः सांगितलं. ट्रॅव्हिसनं आईकडे खुर्ची सरकवली, आणि मिस ओपल आपल्या लांबलचक, तार धरलेल्या इंग्रजीत सांगू लागल्या: आधी एक कांदा घ्यायचा, मोठा, जाड सालीचा.

मृणालिनी सासूबाईंच्या हातची ताटं घ्यायला पुढे झाली. "आई, उद्या मला शिकवाल हे? आपल्या डाळीला?"

"शिकवीन की," बाई म्हणाल्या. "पण खिडकी उघडून."