लवंगेच्या पाण्यातली झोप

खाडीवर पौषातली सकाळ उतरली. विरळ, रुपेरी, मिठागरांच्या काचेवर जपून पावलं टाकणारी. तळ्यांवर धुकं. धुक्यात लवंगेचा दरवळ.

मत्स्यशेतीच्या शेडमध्ये, लवंगतेलाच्या पाण्यात, जिताडा माशाची बोटभर पिल्लं गुंगत होती. रजतकाय, निश्चल, निद्रामग्न. गुंगलेलं पिल्लू ओल्या स्पंजावर निजवायचं, पोटात रोगावरच्या लशीची सुई टोचायची. मग स्वच्छ पाणी, मग जाग.

जिनं टोचलं, तिच्याच टबात तिची पिल्लं जागवायची. इथली रीतच ती. जाग सांगते, हात कसा आहे.

आजवर एकच हात होता: चांगुणाचा. मग धाकटी जाऊ आली, वेणू. सुई धरायला तिला चांगुणानंच शिकवलं. आणि आता वेणूच्या टबात पिल्लं पडताच विजेसारखी वळतात, सगळी शेड तिकडे बघते. बाया म्हणतात, पोरीच्या हातात अमृत आहे. मॅनेजर म्हणतात, पुढच्या हंगामात सुई एकीच्याच हाती. दुसरीनं टाक्या घासायच्या.

अमृत. तो शब्द चांगुणाला काट्यासारखा सलला.

ती वेणूची बोटं बघत राहिली. हिरव्या चुड्याखालची, जलचपल, निःशंक बोटं. बघत राहिली. बघत

राहिली,

आणि तिची स्वतःची पिल्लं लवंगेच्या पाण्यात फार वेळ राहिली.

भानावर येताच तिनं ती, न टोचताच, आपल्या टबात ओतली. पांढरी पोटं वर. पांढरी, पांढरी, पांढरी.

वेणू धावली. एकेक पिल्लू उचलून त्याचं तोंड पाण्याच्या धारेसमोर धरू लागली. कल्ले थरथरले. एक जागलं. मग दुसरं. तिच्या हातात. सगळी तिच्याच हातात.

"वयनी, धारेला तोंड लाव त्यांचं. तूच ना शिकवलंस मला?"

टोमणा असता, तर चांगुणाला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता.

शेवटचं पिल्लू चांगुणानं स्वतः उचललं. धारेसमोर धरलं. पुन्हा धरलं. कल्ले मिटलेलेच.

वेणूनं ओली ओंजळ पुढे केली. "दे गो इकडं."

त्या ओंजळीत जागलं तर?

"नको. माझं हाय ते."

चांगुणानं मूठ मिटून पाण्याखाली नेली. वरून धार कोसळत राहिली, गार, स्वच्छ, गार. वेणूची ओंजळ तशीच, रिकामी. पाणी वाहत राहिलं. वाहत राहिलं.

मूठ उघडली नाही.