कान तुटलेल्या कपाचं चित्र

मी व्यंगचित्र बोलतोय. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, सोनेरी चौकटीत टांगलेलं. या घरातल्या माणसांचा मला मनापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुरकुर नको.

माझा चित्रकार इथल्या साहेबांचा जुना मित्र. एकदा जेवायला आला, हात धुवायला स्वयंपाकघरात गेला आणि काय ते बघून आला. त्या रागातच त्याने मला काढलं. भरलेलं टेबल, ढेकर देणारी मंडळी, मधोमध नाकाने कांदे सोलणारी यजमानीण. आणि उजव्या कोपऱ्यात जमिनीवर बसून कान तुटलेल्या कपातून चहा पिणारी मोलकरीण. खरा तो कप या घरात, इतर कपांत मिसळू नये म्हणून, ओट्याखाली वेगळा पालथा घातलेला असतो.

प्रदर्शनात या घरच्या बाईंनी मला बघितलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अय्या, या तर आपल्या वरच्या मजल्यावरच्या!" म्हणाल्या आणि मला विकत घेऊन आल्या. आपलं नाक आपल्याला कुठलं दिसायला!

मग येईल त्या पाहुण्याला माझ्यापुढे उभं करायचं आणि वरच्या मजल्याला हसायचं. कामाच्या मावशी रोज माझी काच पुसायच्या. कोपऱ्यावर त्यांचं फडकं जरा रेंगाळायचं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावत्या त्या एकट्याच. त्यामुळे तोंडातून अवाक्षर नाही.

एकदा साहेबांच्या वरिष्ठांची बायको आली. पाणी प्यायला आत गेली, ती तो कप दोन बोटांत धरून बाहेर आली.

"अहो, चित्रातला हा कप तर तुमच्याच ओट्याखालचा! आमच्याकडेही वेगळाच ठेवते मी. पण निदान त्याचा कान तरी धड आहे हो."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण नुसत्या दातांनी.

पाहुणे जाताच त्यांनी मावशींना बोलावलं. "घरातलं त्या चित्रकाराला सांगतेस?"

"नाही हो बाई. मी तर चित्र पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला वाटलं, तुम्हीच सांगून काढून घेतलंय."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बाई, नवऱ्याचं औषधपाणी..."

"ते मला सांगू नकोस."

जेवायला आलेला चित्रकार स्वतःच स्वयंपाकघरात गेला होता, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. ते पेपरात डोकं घालून बसले. एका वाक्याचं काम होतं. मला जीभ असती तर मी त्यांचं नाव घेऊन ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मला चौकटवाल्याकडे नेलं. बाईंनी कडेला चांगला रुंद पुठ्ठा बसवून घेतला आणि कोपरा मावशींसकट आत गेला. आपलं ठेवावं झाकून, दुसरं काय.

आता पाहुणे म्हणतात, "किती हसरं कुटुंब!"

बाई म्हणतात, "आमचंच आहे. मुद्दाम काढून घेतलं."

नवी बाई कामाला लागली, तेव्हा ओट्याखालून तोच कप काढून तिला दिला. ती माझी काच पुसते. तिला माझ्यात काहीच दिसत नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. मला फाडा, चुलीत घाला, पण आधी तो पुठ्ठा काढा. आणि बाईंना नावं ठेवत घरी निघाला असाल तर सावकाश जा. पोचल्यावर पहिल्यांदा तुमच्या ओट्याखाली बघा.