सहा पडदे, एक बॅटरी

परीक्षेचा निम्मा वेळ सरला आणि वीज गेली. पंखा थांबला, यूपीएस टीं टीं करू लागला.

सांगलीतल्या वखारभागातल्या त्या क्लासात खरा कॉम्प्युटर एकच होता, कोपऱ्यातला सर्व्हर. सहा मुलींपुढे नुसते पडदे आणि कीबोर्ड. पण अख्खं यंत्र आपल्याच दिमतीला आहे असं प्रत्येकीला वाटावं, अशी त्याची करामत.

बॅटरी जुनी होती. उत्तर कागदावर छापून आलं तरच गुण, असं साताऱ्याहून आलेल्या परीक्षक कपिलसरांनी आधीच बजावलं होतं. क्लास चालवणाऱ्या पद्मावतीबाईंना घोर होता तो साक्षीचा. मेढ्याच्या या पोरीला दूध संघात नोकरी ठरली होती, पण सोमवारी पास झाल्याचा दाखला दाखवला तरच. हुकलं तर परीक्षा पुढच्या वर्षी.

वीज गेल्याबरोबर साऱ्याजणींनी घाईघाईनं आपापलं काम एकदमच यंत्रावर सोडलं. डिस्क घरघरू लागली. पडद्यावर मात्र काही हलेना.

"अगं, लाइट जायच्या भीतीनं सगळ्या गावानं मोटारी एकदम लावाव्यात, तसं केलंत," बाई म्हणाल्या. "कुणाच्याच रानात पाणी पोचायचं नाही."

"मग काय करायचं, बाई?" कुंडलच्या सुंदरीनं विचारलं.

"पाळी लावायची. आधी सगळ्याजणी काम थांबवा. सहा कामं एकदम दिली की यंत्र नुसतं इकडून तिकडं धावतं आणि बॅटरी खातं. एकेक दिलं तर भराभर उरकेल. जिची पाळी नाही, तिनं पडदा बंद करा. खरी वीज पडदेच पितात."

"पर लिवल्यालं जाईल की," साक्षी म्हणाली.

"पडद्यात काही नसतं गं. सगळं सर्व्हरात आहे."

बाईंनी सरांकडे पाहिलं.

"उत्तर तेवढं सांगू नका," सर म्हणाले. "बाकी तुमचं चालू द्या."

पहिली पाळी कुणाची? साक्षीचं काम सगळ्यांत मोठं. अख्ख्या संघाचं दूध गाववार लावून बेरीज काढायची. तिलाच आधी घ्यावं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं.

"माझं शेवटी घ्या, बाई," साक्षीच म्हणाली. "माझं लय मोठं हाय. माझ्यापायी ह्या अडकतील."

बाईंनी मान हलवली.

एकेक काम सुटलं, एकेक कागद आला. पाचवा फाडून घेतला तेव्हा यूपीएसचा आवाज सलग झाला होता. साक्षीनं बेरीज सुरू केली. पडद्यावर गावं सरकत होती. ती संपली, तेव्हा पडदा थरथरू लागला.

"प्रिंटर आणि पडदा दोन्ही झेपायचे नाहीत," बाई हळू म्हणाल्या. "पडदा घालव. छापायचा हुकूम न बघता दे. चुकलीस तर कळायचंही नाही."

साक्षीनं पडदा घालवला. काळ्या काचेपुढे तिची बोटं एकेका अक्षरावर थांबत चालली. एंटर दाबून तिनं हात मांडीवर ठेवले.

काहीच झालं नाही. सुंदरीनं डोळे मिटले.

मग प्रिंटर करकरला. गावामागून गाव उमटत गेलं, आणि शेवटच्या ओळीत सगळंच बंद पडलं.

सरांनी कागद खिडकीपाशी धरला.

"बेरीज अर्धीच आलीय. बेरजेचे गुण कापावे लागणार."

"कापा, सर," साक्षी म्हणाली. "पर पास हाय न्हवं?"

"पास हाय," सर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर सही केली.